‘डबल’ला दुप्पट, ‘ट्वाइस’लाही दुप्पट: खिशातल्या इंग्रजी-मराठी कोशाची पारख

जून उजाडला की जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार इथल्या स्टेशनरीच्या दुकानांत वह्यांच्या थप्पीशेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश येऊन बसतात. त्यांत सर्वांत जास्त खपतो तो खिशात मावणारा. जोडीला क्लासमधून फिरणारी ‘कन्फ्युजिंग वर्ड्स’ची झेरॉक्स असते, आणि मोबाइलवरचं फुकट भाषांतर तर प्रत्येकाच्या हातात आहेच. हे परीक्षण या तिघांचं. तपासायला शब्दांचं एकच कुळ घेतलं आहे: डबल, ट्वाइस, ड्युअल, ट्विन, टूफोल्ड आणि त्यांची भावंडं, म्हणजे दोनपट, दोनदा किंवा दोन भागांचं असं सांगणारे शब्द. दहावीच्या पोरापासून रावेरहून केळी परदेशी पाठवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना हे शब्द लागतात, आणि इथे चूक झाली की ती मार्कांत किंवा पैशांत दिसते.

आधी निकाल सांगून टाकू. या कामासाठी खिशातला कोश घेऊ नका. झेरॉक्स अर्धी कामाची आहे. मोबाइल पुरी वाक्यं बऱ्यापैकी करतो, पण कुठे घसरतो ते माहीत असेल तरच त्याच्यावर विसंबावं.

खिशातला कोश खोटं सांगत नाही, हे मान्य करायला हवं. तो ‘डबल’पुढे दुप्पट, दुहेरी देतो, ‘ट्वाइस’पुढे दोनदा, दुप्पट, ‘ड्युअल’पुढे दुहेरी, ‘टूफोल्ड’पुढे पुन्हा दुप्पट, दुहेरी. एकेक अर्थ तपासला तर बरोबरच आहे. पण चार शब्दांना तीनच अर्थ फिरवून वाटल्यावर कुठला शब्द कुठे बसवायचा, हे वाचणाऱ्याने कशावरून ठरवायचं? आणि या कुळात सगळा घोळ बसवण्याचाच आहे. मराठी इथे कंजूष नाही. दुप्पट भाव, दुहेरी मार्ग, दुबार पेरणी, दुपेडी सूत, दुधारी सुरी, दुटप्पी माणूस, जोडओळ लागवड, जुळं केळं: प्रत्येक ठिकाणी आपण वेगळा शब्द काढतो. कोशाने तेवढा फरक नोंदवला असता तरी निम्मं काम झालं असतं.

सर्वांत जास्त मार्क जातात ते एका साध्या वाक्यात: ‘भाव गेल्या वर्षीच्या दुप्पट आहे.’ आपल्याकडे ‘च्या’ असल्यामुळे इंग्रजीत आपोआप ‘ऑफ’ येतो आणि ‘द रेट इज डबल ऑफ लास्ट इयर’ असं लिहिलं जातं. बरोबर रचना अशी: ‘द रेट इज डबल लास्ट इयर्स रेट’ किंवा ‘द रेट इज ट्वाइस व्हॉट इट वॉज लास्ट इयर’. मध्ये ‘ऑफ’ नाही. नियम सांगायचा तर, ‘डबल’ आणि ‘ट्वाइस’ हे ‘द’, ‘माय’, ‘धिस’, ‘व्हॉट’ यांच्या आधी उभे राहतात. साधं विशेषण ‘द’च्या नंतर येतं, जसं ‘द बिग बॉक्स’. पण ‘डबल द प्राइस’, ‘ट्वाइस द प्राइस’. क्रम उलटवून ‘द डबल प्राइस’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, दोन भाव आहेत किंवा ‘डबल’ नावाचा एखादा ठरलेला भाव आहे.

खात्री करायला कायद्याचा मजकूर बघा. 1948 च्या कारखाने कायद्याचं (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली) 59 वं कलम ओव्हरटाइमबद्दल होतं. तिथे मजुरी ‘ट्वाइस हिज ऑर्डिनरी रेट ऑफ वेजेस’ या दराने द्यावी, असे शब्द होते. ‘ट्वाइस’नंतर थेट ‘हिज’. एमआयडीसीतल्या कारखान्याच्या नोटिसा लिहिणाऱ्यांनी एवढा तुकडा पाठ केला तरी पुरे. खिशातल्या कोशात ही जागा कुठेही दाखवलेली नसते. झेरॉक्समध्ये मात्र बहुधा पहिल्याच पानावर असते. तिचा हा गुण.

विशेषण आलं की ‘डबल’ बाजूला होतो. दुप्पट लांब, दुप्पट जड, दुप्पट महाग, यांना ‘डबल लाँग’, ‘डबल हेवी’ चालत नाही. ‘ट्वाइस ॲज लाँग ॲज’, ‘ट्वाइस ॲज हेवी ॲज’ अशी जोडगोळी लागते. ‘ट्वाइस लाँगर’ बोलण्यात ऐकू येतं, लिहिताना टाळा. पुढे ‘मच’ की ‘मेनी’ हे मोजता येण्यावर: पाणी असेल तर ‘ट्वाइस ॲज मच वॉटर’, ड्रिपर (ठिबकच्या नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोट्या) असतील तर ‘ट्वाइस ॲज मेनी ड्रिपर्स’.

ठिबकवाल्यांसाठी हे वाक्य नुसतं व्याकरणाचं नाही. केळीच्या ओळीला एकाऐवजी दोन नळ्या टाकल्या, त्याला बाजारात ‘डबल लॅटरल’ म्हणतात. इथे ‘डबल’ नळ्यांना लागतो, पाण्याला नाही. त्याच अंतरावरचे, तेवढ्याच प्रवाहाचे ड्रिपर दोन नळ्यांवर असतील तर ड्रिपर दुप्पट झाले. पाणी तेवढंच द्यायचं तर मोटर निम्मा वेळ चालवायची. ‘डबल लॅटरल, सेम रनिंग टाइम’ असं कागदावर लिहून दिलं की पाणीही दुप्पट गेलं आणि विद्राव्य खतही. इंग्रजीत चोख सांगायचं तर: ‘ट्वाइस ॲज मेनी ड्रिपर्स, हाफ द टाइम’.

आता ‘दोनदा’. मराठीत दुप्पट आणि दोनदा हे दोन शब्द आहेत, इंग्रजीत ‘ट्वाइस’ दोन्ही कामं करतो. फरक पुढच्या शब्दाने पडतो. ‘ट्वाइस अ डे’ म्हणजे दिवसातून दोनदा. ‘ट्वाइस द डोस’ म्हणजे दुप्पट मात्रा. ‘अ’ आणि ‘द’ एवढ्या दोन अक्षरांवर हा फरक उभा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं ‘बी. डी.’ हे लॅटिन ‘बिस इन डिए’चं लघुरूप, अर्थ दिवसातून दोनदा; ‘टी. डी. एस.’ म्हणजे तीनदा. गोळीच्या पाकिटातल्या माहितीपत्रकात पुष्कळदा लिहिलेलं असतं की एक वेळ चुकली तर ‘डबल डोस’ घेऊ नका, म्हणजे दोन गोळ्या एकदम घेऊ नका. खिशातला कोश ‘डबल’ आणि ‘ट्वाइस’ दोन्हींपुढे ‘दुप्पट’ छापतो आणि हा फरक सांगत नाही.

फवारणीचंही तेच. लेबलवर ‘स्प्रे ट्वाइस’ आणि पुढे किती दिवसांच्या अंतराने ते लिहिलेलं असतं. तेव्हा पंपातलं औषध दर वेळी लेबलवरच्या प्रमाणातच घ्यायचं, फक्त फवारे दोन. तेच ‘डबल’ समजून एका फवाऱ्यात दुप्पट औषध टाकलं तर पानं करपतात, फळात अंश जास्त राहतो, आणि दुसऱ्या फवाऱ्याच्या वेळी जी कीड यायची ती येतेच. निर्यातीच्या बागेत अंशाची तपासणी होते, म्हणून तिथे ही चूक महागात जाते.

‘दोनदा’साठी ‘टू टाइम्स’ चूक नाही, पण इंग्रजी कानाला ‘ट्वाइस’च बरं वाटतं. ‘टू ऑर थ्री टाइम्स’ मात्र असंच म्हणतात, तिथे ‘ट्वाइस’ घुसवू नका. आणि ‘थ्राइस’? आपल्याकडे अजून जिवंत आहे, इंग्लंडात जुनाट वाटतो. परीक्षेत मार्क कापत नाहीत.

टक्केवारी आणि पट यांची गाठ सोडवायला झेरॉक्स निघते आणि स्वतःच अडकते. कापूस 5,000 वरून 10,000 वर गेला असं धरू. हे ‘डबल्ड’, हीच ‘टूफोल्ड इन्क्रीज’, हीच 100 टक्के वाढ. ‘रोज बाय 100 पर्सेंट’ आणि ‘रोज टू 200 पर्सेंट ऑफ द ओल्ड प्राइस’ हे एकच. पण ‘रोज बाय 200 पर्सेंट’ म्हणजे भाव 15,000. झेरॉक्समध्ये ‘टू टाइम्स मोअर’ला सरळ ‘दुप्पट’ लिहिलेलं असतं. बरेच लोक त्या अर्थानेच बोलतात, पण काटेकोर वाचणारा त्यातून तिप्पट काढतो: मूळ एक, वर आणखी दोन. करारात, कोटेशनमध्ये हा शब्दप्रयोग ठेवूच नका. ‘ट्वाइस’ लिहा, वाद संपला. मराठीतलं ‘दुपटीने वाढ’ही तितकंच निसरडं आहे, फक्त आपल्याला सवय झालेली आहे.

पोस्टातलं किसान विकास पत्र या कुळाला फार चांगलं उदाहरण आहे. एप्रिल 2023 पासून दर 7.5 टक्के, आणि रक्कम 115 महिन्यांत दुप्पट. याचं इंग्रजी विद्यार्थी ‘द अमाउंट बिकम्स डबल’ असं करतात. समजतं, पण ते मराठी वाक्याला इंग्रजी कपडे घातल्यासारखं आहे. ‘डबल’ स्वतःच क्रियापद आहे: ‘द अमाउंट डबल्स इन 115 मंथ्स’. आकडा तोंडी ताडून बघायचा तर 72 ला व्याजदराने भागा: 9.6 वर्षं, म्हणजे 115 महिन्यांच्या आसपास. बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्यांना ही युक्ती ठाऊकच असते.

त्याच परीक्षांत एक चोरटा प्रश्न येतो: ‘हाफ ॲज मच अगेन’. पोरं याला निम्मं समजतात. अर्थ आहे दीडपट: जेवढं आहे ते, वर त्याचं निम्मं. ‘ॲज मच अगेन’ म्हणजे तेवढंच आणखी, एकूण दुप्पट. हे खिशातल्या कोशात नाही, झेरॉक्समध्ये नाही, आणि मोबाइल कधी बरोबर सांगतो, कधी नाही.

‘टूफोल्ड’ची आणखी एक बाजू आहे, तिच्यासाठी मात्र कोशातला ‘दुहेरी’ कामी येतो. ‘द रीझन इज टूफोल्ड’ म्हणजे कारण दुप्पट नाही, कारणं दोन आहेत. असं वाक्य लिहिलंत तर लगेच पुढे दोन्ही कारणं मोजून द्यावी लागतात, नाहीतर वाचणारा वाट बघत राहतो.

धंद्यातला ‘डबल’ ही या परीक्षणातली सर्वांत रंगतदार जागा, आणि तिन्ही साधनं इथे सपशेल आडवी होतात. केळीच्या खोक्याचं बघा. खोकेवाला ‘डबल वॉल’ म्हणतो ते पाच-प्लाय खोकं. तीन-प्लायमध्ये दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नालीदार कागद, ते ‘सिंगल वॉल’. पाच-प्लायमध्ये तीन सपाट आणि दोन नालीदार. ‘डबल’ मोजतो तो नालीदार थर, एकूण कागद नव्हे. म्हणून ‘डबल वॉल’ म्हणजे सहा-प्लाय असं गणित मांडून ऑर्डर देऊ नका; सहा-प्लाय मागितलं की पलीकडचा हसतो. मोबाइल याचं भाषांतर ‘दुहेरी भिंत’ करतो. शब्द बरोबर, खोकं गायब.

सूतगिरणीतला ‘डबलिंग’ तर उलटाच चालतो. 2/40 असं लिहिलेलं सूत म्हणजे 40 काउंटचे दोन धागे एकत्र पिळलेले, आपलं दुपेडी. धागे दोन झाले, जाडी वाढली, पण काउंट 80 होत नाही, साधारण 20 वर येतो. कारण काउंट म्हणजे एका पौंडात 840 यार्डांच्या किती लडी बसतात ती संख्या. सूत जाड झालं की लडी कमी. जिथे ‘डबल’ केल्याने आकडा निम्मा होतो अशी ही जागा. इंग्रजीतलं ‘ट्वाइन’, म्हणजे सुतळी, हेही ‘टू’च्याच घरातलं.

रेल्वेचं ‘डबलिंग’ म्हणजे दुहेरीकरण. उधना-जळगाव मार्गाचं झालं ते हेच: एकेरी रुळांशेजारी दुसरी लाइन. गाड्या दुप्पट करण्याशी त्याचा संबंध नाही. तेलाच्या डब्यावरचं ‘डबल फिल्टर्ड’ म्हणजे तेल दोनदा गाळलेलं; गाळणी दुप्पट मोठी नव्हे. म्हणजे इथे ‘डबल’ने ‘दोनदा’चं काम उचललं. गॅस एजन्सीच्या कागदावरचं ‘डी. बी. सी.’ म्हणजे डबल बॉटल कनेक्शन, एका जोडणीवर दोन सिलिंडर. वीजवाल्याचा ‘डबल पोल’ म्हणजे एका दांडीने फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच. दुकानात त्याला ‘डीपी’ म्हणतात. गावात डीपी जळाली म्हटलं की ट्रान्सफॉर्मर, आणि मोबाइलवर डीपी बदलला म्हटलं की फोटो. दुकानदाराला नीट सांगा भो, नाहीतर बिचारा बघत राहतो.

‘ड्युअल’ आणि ‘ट्विन’ लवकर उरकतात. ‘ड्युअल’ नामाच्या आधीच येतो आणि दोन कामं, दोन भाग किंवा दोन जणांची सोय सांगतो: ड्युअल सिम, शाळेतला दोघांचा ड्युअल डेस्क. ‘द प्राइस इज ड्युअल’ असं वाक्य होत नाही. ‘ड्युएल’ म्हणजे द्वंद्व. स्पेलिंगमध्ये ‘ए’च्या जागी ‘ई’ पडला की बाक आखाडा होतो. ‘ट्विन’मध्ये दोन्ही एकसारखे असावे लागतात. हॉटेलात ‘डबल रूम’ म्हणजे दोघांसाठी एक मोठा पलंग, ‘ट्विन रूम’ म्हणजे दोन वेगळे पलंग. धंद्यासाठी दोघे मित्र परदेशी निघाले असतील तर बुकिंग करताना हे बघून घ्यावं.

मोबाइलची खरी परीक्षा ‘डबलसीट’ने होते. ‘आम्ही डबलसीट गेलो’ हे त्याच्यात टाकलं की ‘डबल सीट’ जसंच्या तसं बाहेर पडतं. इंग्रजीत मागे बसून जाण्याला ‘राइड पिलियन’ म्हणतात. ‘डुप्लिकेट’चंही असंच. आपल्या बाजारात डुप्लिकेट म्हणजे नकली माल, इंग्रजीत तो मूळचा नुसता दुसरी प्रत. ‘डुप्लिकेट मार्कशीट’ विद्यापीठ स्वतः देतं, ती बनावट नसते. ‘सबमिट इन डुप्लिकेट’ म्हणजे अर्जाच्या दोन प्रती द्या. नकली माल सांगायचा असेल तर ‘फेक’ किंवा ‘काउंटरफिट’ वापरा, नाहीतर परदेशी ग्राहकाला तुमची तक्रार कळायचीच नाही.

‘बाय’ने सुरू होणारे शब्द हे इंग्रजीचं स्वतःचं दुखणं. ‘बायमंथली’ला दोन महिन्यांतून एकदा आणि महिन्यातून दोनदा असे दोन्ही अर्थ इंग्रजी कोशच देतात, ‘बायवीकली’चंही तेच. आपली पाक्षिक, द्वैमासिक, सहामाही ही नावं याबाबतीत कितीतरी सरळ. हप्त्यांच्या, पुरवठ्याच्या कागदात ‘ट्वाइस अ मंथ’ किंवा ‘एव्हरी टू मंथ्स’ असं फोडून लिहा. ‘बायॲन्युअल’ वर्षातून दोनदा, ‘बायेनियल’ दोन वर्षांतून एकदा. हे पाठच करायचं, दुसरा उपाय नाही.

झेरॉक्सवाल्यांनी ‘बोथ’ हा शब्द याच यादीत घेतला आहे, ते योग्यच आहे. ‘दोघेही आले नाहीत’ याचं ‘बोथ डिड नॉट कम’ केलं की एक आला असावा असाही अर्थ निघतो. ‘नायदर ऑफ देम केम’ म्हणा.

उच्चाराबद्दल तिन्ही साधनं गप्प किंवा अर्धवट. ‘टू’मधला डब्ल्यू मुका आहे, पण ‘ट्वाइस’, ‘ट्विन’, ‘ट्वेल्व्ह’, ‘बिट्वीन’मध्ये तो बोलतो. ‘डबल’मधला बी बोलतो, ‘डाउट’मधला मुका. हे दोघे लांबचे नातलग आहेत. संशय म्हणजे मन दोन ठिकाणी असणं, आपल्या द्विधा आणि दुविधेसारखंच. ‘डाउट’मधला बी इंग्रजांनी मूळ लॅटिन शब्दाची आठवण म्हणून नंतर घातला, बोलायला नाही. फोन नंबर सांगताना ‘डबल नाइन’ इथे आणि इंग्लंडात चालतं. अमेरिकन माणसाला ‘नाइन नाइन’ असं सुटं सांगितलेलं बरं.

मग घ्यायचं काय? आठवीच्या पुढच्यांनी दप्तरात मावणारा इंग्रजी-इंग्रजी-मराठी कोश घ्यावा, ज्यात प्रत्येक अर्थाखाली किमान एक वाक्य आहे. खिशातल्यापेक्षा तो महाग पडतो, पण बारावीनंतरही टिकतो. पैसे घालायचे नसतील तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे कोश इंटरनेटवर फुकट आहेत, उच्चार ऐकायचीही सोय आहे. तिथे ‘डबल’ उघडलात तर विशेषण, क्रियापद, नाम, क्रियाविशेषण आणि ‘द’च्या आधी बसणारा शब्द अशी त्याची सगळी रूपं वाक्यांसकट वेगळी दाखवलेली दिसतात. इंग्रजी कच्चं असलेल्याला मात्र ते जड जातात. व्याख्याही इंग्रजीत, त्यामुळे एका शब्दासाठी तीन शोधावे लागतात. अशांनी मोबाइलवरचं भाषांतर सोबत ठेवावं, पण त्यात सुटा शब्द न टाकता पुरं वाक्य टाकावं.

दुकानात उभ्या उभ्या कोश तपासायचा असेल तर आधी ‘डबल’ उघडा आणि ‘द’च्या आधी बसवलेलं एक तरी वाक्य आहे का बघा. मग ‘ट्वाइस’: ‘ॲज मच ॲज’ दिसायला हवं. मग ‘डुप्लिकेट’: पहिला अर्थ ‘नकली’ असेल तर कोश बाजारातून लिहिला गेला आहे. शेवटी ‘बायॲन्युअल’ आणि ‘बायेनियल’ काढा. दोन्हींपुढे ‘द्वैवार्षिक’ छापलेलं असेल तर दुकानदाराला कोश परत द्या आणि वरच्या फळीवरचा मागा.